चित्र आहे, आवाज नाही: व्हिडिओच्या तांत्रिक शब्दांशी पहिली ओळख

खोलीतले दिवे मालवले होते, सगळे आपापली जागा पकडून बसले होते आणि मी मोठ्या ऐटीत पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. चित्र झकास आलं. आवाज मात्र नाही. आधी रिमोटवर आवाज वाढवला, मग म्यूट तपासलं, मग स्पीकरच्या वायरी काढून पुन्हा खोचल्या, शेवटी टीव्हीच बंद करून चालू केला. अर्धा तास असा गेला. दोष यातल्या कशातच नव्हता. फाइलमधला आवाज डीटीएस नावाच्या प्रकारातला होता आणि त्या टीव्हीला डीटीएस उलगडता येत नव्हतं, एवढीच गोष्ट.

प्लेअर, टीव्ही, फाइली यांच्याभोवती अशा शब्दांचं रान माजलेलं आहे. ते पाठ करत बसू नका. प्रत्येक शब्द एका ठरावीक जागेचा असतो: कोणी डब्याचा, कोणी चित्र दाबण्याच्या पद्धतीचा, कोणी आवाजाचा, कोणी वायरीचा. काय बिघडलंय त्यावरून कुठल्या जागी शोधायचं हे कळलं की बरंचसं काम होतं.

पायरी १: आधी फाइलच्या पोटात डोकवा

फाइलच्या नावामागचं शेपूट, म्हणजे एमपी४ किंवा एमकेव्ही, पाहून लोक अंदाज बांधतात. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर टाका. तो फुकट आहे आणि जवळजवळ काहीही वाजवतो, नारिंगी-पांढरा शंकू हे त्याचं चिन्ह. फाइल त्यात चालू करा आणि कंट्रोल दाबून जे दाबा. समोर एक खिडकी उघडते आणि फाइलची कुंडली दिसते.

माझ्या त्या फजितीनंतर मी अशीच एक दुसरी फाइल उघडून बसलो होतो. चित्राच्या रकान्यात लिहिलं होतं: कोडेक एच.२६४, रेझोल्यूशन १९२०×१०८०, फ्रेम रेट २३.९७६. आवाजाच्या रकान्यात: ए५२, चॅनेल ३एफ२आर/एलएफई, सॅम्पल रेट ४८००० हर्ट्झ. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे मंत्रतंत्र वाटतं, पण फोड सोपी आहे. ए५२ म्हणजे एसी३, म्हणजेच डॉल्बी डिजिटल. ३एफ२आर म्हणजे पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि एलएफई हा खर्जाचा वेगळा चॅनेल. म्हणजे आपण ज्याला फाइव्ह पॉइंट वन म्हणतो तेच.

अशा एच.२६४ फाइली पाहताना कधी उंची १०८० ऐवजी १०८८ लिहिलेली सापडली तर घाबरू नका. एच.२६४ चित्राचे १६×१६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून आठ ओळी जास्तीच्या घेतल्या जातात, त्या पडद्यावर दाखवत नाहीत.

पायरी २: डबा वेगळा, आतला माल वेगळा

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे सगळे डबे आहेत. तांत्रिक भाषेत कंटेनर. एका डब्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक किंवा अनेक, सबटायटल, प्रकरणांच्या खुणा असं सगळं एकत्र ठेवलेलं असतं. एमकेव्हीचं पूर्ण नाव मात्रोस्का, बाहुलीत बाहुली असलेल्या रशियन खेळण्यावरून घेतलेलं, आणि ते त्याला शोभतं. त्यात काय वाट्टेल ते भरता येतं. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ चा डबा आहे. आता म्हातारा झाला, पण जुन्या हार्ड डिस्कवर भेटतोच.

‘माझा टीव्ही एमपी४ वाजवतो’ या वाक्याला म्हणून फारसा अर्थ नाही. टीव्हीला डबा उघडता येतो, एवढंच ते सांगतं. आतला माल ओळखता आला नाही तर तो ‘फाइल चालत नाही’ म्हणून मोकळा होतो. एकाच फोल्डरमधल्या दोन एमपी४ फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

शेपटाचं नाव हाताने बदलून एमकेव्हीची एमपी४ करायचा उद्योग मीही केलेला आहे. त्याने फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते.

पायरी ३: कोडेक, म्हणजे सगळ्या भानगडींचं मूळ

इथे जरा थांबू, कारण बाकीचे निम्मे शब्द इथूनच फुटतात.

एक हिशोब करून पाहा. १९२०×१०८० च्या एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले आणि सेकंदाला २४ चित्रं धरली, तर एका सेकंदाचा पसारा साधारण १४९ मेगाबाइट होतो. तासाला ५३७ गिगाबाइट. साध्या एकपदरी डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात, म्हणजे असलं न दाबलेलं चित्र त्यात जेमतेम ३१ सेकंद बसेल. म्हणून ते दाबावंच लागतं. दाबायची आणि पुन्हा उलगडायची रीत म्हणजे कोडेक.

ही रीत कशी चालते ते एका दृश्यावरून समजेल. भिंतीपुढे बसून एक माणूस बोलतोय. भिंत हलत नाही, खुर्ची हलत नाही, हलतात ते ओठ आणि थोडी मान. मग प्रत्येक चित्रात भिंत पुन्हा पुन्हा कशाला साठवायची? एक चित्र पूर्ण साठवायचं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते लिहायचं. मागच्या चित्राकडे पाहून लिहिलेली ती पी-फ्रेम, मागच्या-पुढच्या दोन्हींकडे पाहून लिहिलेली ती बी-फ्रेम. फाइल खराब झाली की चेहऱ्याच्या जागी चौकोन चिकटून राहतात, रंग ओघळतात आणि थोड्या वेळाने अचानक सगळं स्वच्छ होतं, ते पाहिलंय ना? स्वच्छ होतं तो क्षण म्हणजे पुढची आय-फ्रेम आली. पुढे पळवताना चित्र नेमकं हव्या त्या सेकंदाला न थांबता थोडं अलीकडे-पलीकडे थांबतं, तेही यामुळेच.

आता नावं. डीव्हीडीवर एमपीईजी-२ असतं. २००३ मध्ये एच.२६४ आलं, त्यालाच एव्हीसी म्हणतात, आणि आजही कुठेही चालेल असं कोडेक निवडायचं असेल तर हेच. २०१३ मध्ये एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी आलं. ते साधारण तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या जागेत बसवतं, पण उलगडायला जास्त मेहनत लागते. व्हीपी९ गूगलचं. एव्ही१ हे २०१८ चं, अनेक कंपन्यांनी मिळून काढलेलं आणि वापराचं शुल्क नसलेलं.

ही मेहनत करायला बहुतेक प्लेअरांत खास चिप असते. त्याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. त्या कोडेकची चिप नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. मग आवाज सुरळीत चालतो आणि चित्र मात्र अडखळत, थांबत, धापा टाकत मागून येतं. हे लक्षण दिसलं की केबलला दोष देऊ नका, कोडेक बघा. शिवाय एकाच कोडेकचे पोटप्रकार असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. एच.२६४ चा १०-बिट, म्हणजे जास्त रंगछटांचा, प्रकार बहुतेक टीव्हींना झेपत नाही, साधा ८-बिट मात्र सगळे वाजवतात. पेटीवर दोन्हींसाठी एच.२६४ एवढंच छापलेलं असतं, ही मात्र शुद्ध फसवणूक वाटते मला.

पायरी ४: बिटरेट, खरा दर्जा इथे कळतो

बिटरेट म्हणजे एका सेकंदासाठी किती माहिती खर्च केली. तो मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. बिट आणि बाइट यांची गल्लत सगळेच करतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. ५ मेगाबिटची दोन तासांची फाइल केवढी होईल? ७२०० सेकंद गुणिले ५ म्हणजे ३६,००० मेगाबिट, भागिले आठ म्हणजे ४५०० मेगाबाइट. साडेचार गिगाबाइट.

हे गणित उलटंही करता येतं. कोणी दोन तासांची ‘फोरके’ फाइल दिली आणि तिचा आकार दीड गिगाबाइट असेल, तर बिटरेट दीड मेगाबिटच्या आसपास आहे. एवढ्यात फोरकेचे ८३ लाख ठिपके नीट रंगवणं शक्य नाही. अंधारी दृश्यं आणि धूर पाहा, तिथे चौकोन दिसतीलच. चांगल्या बिटरेटची १०८० ची फाइल असल्या फोरकेपेक्षा कधीही बरी. तुलनेसाठी सांगायचं तर ब्लू-रे डिस्कवर चित्राला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते.

पायरी ५: चित्राचे आकडे, पटकन

७२०, १०८०, २१६० या उभ्या मोजणीतल्या ओळी. फोरके म्हणजे ३८४०×२१६०, म्हणजे १०८० च्या चौपट ठिपके. आकड्यापुढे पी असेल तर प्रत्येक चित्र अख्खं येतं, आय असेल तर एक आड एक ओळी दोन हप्त्यांत येतात. आयवाली फाइल कॉम्प्युटरवर थांबवली की हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. प्लेअरमध्ये डीइंटरलेस हा पर्याय चालू केला की जातात. अपस्केलिंग म्हणजे लहान चित्र ताणून मोठ्या पडद्यावर बसवणं. त्यातून नसलेला तपशील जन्माला येत नाही.

एचडीआरबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. साध्या ८-बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, सगळे मिळून सुमारे १ कोटी ६८ लाख रंग. १०-बिटमध्ये १०२४ छटा, म्हणजे १०७ कोटींच्या वर. एचडीआर १०-बिटवर चालतं आणि उजेड-अंधारातलं अंतर वाढवतं. एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन, एचएलजी हे त्याचे प्रकार. फाइल एचडीआर आणि पडदा साधा असला, आणि प्लेअरला मधलं रूपांतर जमत नसलं, तर चित्र धुतलेल्या कपड्यासारखं फिकट, राखाडी दिसतं. टीव्हीचे रंग वरखाली करून ते सुधारत नाही, त्यात वेळ घालवू नका.

पायरी ६: आवाज

एएसी बहुतेक सगळीकडे चालतो. एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटल बऱ्याच ठिकाणी चालतो. डीटीएसचं खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यासाठी परवाना लागतो आणि काही टीव्ही त्याशिवायच विकले जातात. चित्र आहे, आवाज नाही, असं झालं की रिमोटवरचं ऑडिओ ट्रॅकचं बटण शोधा. पुष्कळदा त्याच डब्यात दुसरा आवाज एएसीमध्ये ठेवलेला असतो आणि एका बटणात काम होतं.

दुसरी तक्रार नेहमीची: संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की घर हादरतं. फाइव्ह पॉइंट वनमध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर सहा चॅनेल दोनात कोंबावे लागतात आणि त्यात संवाद मागे पडतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ निवडा, किंवा रात्रीसाठी असलेला नाइट मोड. तिथेच बिटस्ट्रीम आणि पीसीएम असे दोन शब्द भेटतील. बिटस्ट्रीम म्हणजे प्लेअर आवाज न उलगडता तसाच पुढे साउंडबारला धाडतो, पीसीएम म्हणजे स्वतः उलगडून देतो. साउंडबार गप्प बसला असेल तर पीसीएम करून पाहा.

पायरी ७: सबटायटल, त्यातही देवनागरी

एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. क्रमांक, कधी दिसायचं आणि कधी जायचं ती वेळ, मग ओळ. व्हिडिओच्या नावाशी तिचं नाव तंतोतंत जुळवा आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे प्लेअर आपोआप उचलतो. स्वतः मराठी सबटायटल लिहिणार असाल तर वेळेचे आकडे इंग्रजीच ठेवा. देवनागरी आकडे प्लेअरला वेळ म्हणून कळत नाहीत.

मराठी सबटायटल तीन प्रकारे बिघडतं आणि तिन्हींची कारणं निरनिराळी. एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं दिसली तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत, चुकलंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि प्लेअर ते सुटे सुटे वाचतोय. प्लेअरमध्ये यूटीएफ-८ निवडा किंवा फाइल त्यात सेव्ह करा. रिकामे चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्टच नाही. आणि ‘कि’ लिहिलेलं असताना आधी क आणि त्याच्यामागे लटकलेली वेलांटी दिसली, जोडाक्षरं पाय मोडून पडली, तर फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवण्याची अक्कल त्या प्लेअरला नाही. यावर दुसरा प्लेअर वापरणं हाच साधा उपाय. नाहीतर सबटायटल चित्रातच कायमचं छापून घ्यावं लागतं, त्याला हार्डसब म्हणतात.

वेळ जुळत नसेल तर आधी एक गोष्ट तपासा. चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच, समजा दोन सेकंदांची आहे का? मग व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कळा दाबून ती सरकवा. आवाज ओठांशी जुळत नसेल तर जे आणि के. पण चूक वाढत जात असेल, तर सबटायटल वेगळ्या फ्रेम रेटसाठी, म्हणजे सेकंदाला वेगळ्या संख्येने चित्रं दाखवणाऱ्या फाइलसाठी बनवलंय. २५ आणि २३.९७६ यांच्या गोंधळात तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. तिथे सरकवून भागत नाही, दुसरी एसआरटी शोधा.

पायरी ८: पेनड्राइव्हचं फॉरमॅट

पेनड्राइव्हवर ४० गिगाबाइट मोकळे, फाइल ६ गिगाबाइटची, आणि कॉम्प्युटर म्हणतो फाइल फार मोठी आहे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला पेनड्राइव्ह नकली वाटला होता. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला होता आणि त्यात एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की मर्यादा सुटते. आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून कॉपी काढून ठेवा. टीव्ही किंवा प्लेअर जुना असेल तर त्याला एक्सफॅट वाचता येतं का हे माहितीपुस्तिकेत आधी पाहा.

आणि ६४ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह ५९.६ दाखवतो तो चोरीमुळे नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

पायरी ९: वायर

एचडीएमआयच्या आवृत्त्या पोर्टच्या असतात, केबलच्या नव्हेत. २.० मध्ये १८ गिगाबिट जातात आणि फोरके सेकंदाला ६० चित्रांनी चालतं. २.१ मध्ये ४८ गिगाबिट. केबलवर हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड असे शब्द असतात, ते वाचा. सोन्याचा मुलामा वाचू नका. या वायरीतून आकडे जातात. ते पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत, आणि कमी पडले की पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा मधेच काळा होतो. रंग ‘जास्त गडद’ होणं वगैरे केबल करत नाही.

साउंडबार जोडताना टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तोच वापरा. त्यात आवाज उलट दिशेने, टीव्हीकडून बारकडे जातो. दुसऱ्या पोर्टात लावून लोक तासन्‌तास सेटिंग चाचपत बसतात. एचडीसीपी हे नक्कल रोखणारं कुलूप आहे: फोरकेसाठी मधल्या प्रत्येक यंत्राला २.२ ही आवृत्ती जमावी लागते, एकालाही जमली नाही तर चित्राचा दर्जा उतरतो किंवा चित्र येतच नाही.

डिस्क वापरणाऱ्यांसाठी

डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज, साधारण एकेक गिगाबाइटच्या तुकड्यांत, आणि आयएफओ फाइलींत कुठे काय आहे याची अनुक्रमणिका. फक्त एखादी व्हीओबी उचलून आणलीत तर सिनेमा मधेच सुरू होऊन मधेच संपेल. अख्खं फोल्डर घ्या. घरी लिहिलेली डिस्क कॉम्प्युटरवर चालते आणि प्लेअरवर नाही, तेव्हा फायनलाइझ हा शब्द आठवा. लिहिणं संपलं अशी शेवटची खूण केल्याशिवाय बरेच प्लेअर ती उघडत नाहीत. रीजन कोड म्हणजे विकायच्या प्रदेशाचं बंधन: डीव्हीडीला १ ते ६, ब्लू-रेला ए, बी, सी. फोरके ब्लू-रेला हे बंधन नाही.

फाइल काही केल्या चालत नसेल तेव्हा

कॉम्प्युटरवर ती दोन प्रकारे बदलता येते आणि हा फरक कळला तर कित्येक तास वाचतात. रीमक्स म्हणजे माल तोच ठेवून डबा बदलणं. मिनिटभरात होतं आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. ट्रान्सकोड म्हणजे माल उलगडून पुन्हा नव्या कोडेकने दाबणं. त्यात वेळ जातो आणि दर्जा दर खेपेला थोडा घटतो. हँडब्रेकसारखी सॉफ्टवेअर चित्र नेहमी ट्रान्सकोडच करतात. एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरला मात्र सांगता येतं की चित्राला हात लावू नकोस, तेवढा आवाज बदल.

मी त्या फाइलचं शेवटी तेच केलं. चित्र तसंच ठेवलं, डीटीएसचा एसी३ केला, दोन-तीन मिनिटं लागली. तोवर सगळे उठून झोपायला गेले होते.